शकुंतलेच्या सवयी आणि मोठ्या गाडीचे रूळ

(संस्थेच्या रौप्यमहोत्सवी शेगाव सहलीच्या आधीच्या रविवारी सभागृहात केलेल्या भाषणाचा मजकूर. संपादक मंडळाच्या आग्रहावरून शेवटी सहलीनंतरची थोडी भर घातली आहे.)



सचिव साहेब परवा घरी आले आणि म्हणाले, "काका, सहलीच्या आधी रेल्वेत घ्यायच्या काळजीबद्दल तुम्ही पंधरा मिनिटं बोला." मी म्हटलं, "अहो, मी बँकेत होतो, रेल्वेत नव्हतो." तर म्हणाले, "तुम्हाला काळजी करायची सवय आहे, म्हणून तुम्हालाच सांगतो." ते काही खोटं नाही. चौतीस वर्षं लोकांच्या पैशाची काळजी केली. संध्याकाळी दहा रुपयांचा फरक आला तरी सगळी शाखा थांबवून ठेवणारा मी माणूस. पण हाच माणूस एकदा दोन-तीन मिनिटं वाचवायला स्वतःची बायको-पोरं घेऊन रुळांवर उतरला होता. ती गोष्ट आज सांगणार आहे. सौ. दुसऱ्या रांगेत बसल्या आहेत, त्यांची परवानगी घेतली आहे.

आधी आपला हिशेब मांडतो. पुढच्या रविवारी आपण ६२ जण निघतोय. त्यात बारा वर्षांखालची मुलं १९, आणि माझ्यासारखे पासष्टीच्या वरचे १४. म्हणजे अर्ध्याहून अधिक मंडळी अशी, की ज्यांचा हात कोणीतरी धरावा लागेल. सकाळी बसने धामणगाव, तिथून गाडीने शेगाव, दर्शन, महाप्रसाद आणि संध्याकाळच्या गाडीने परत. आत्ता मी मुलांना विचारलं की आजपर्यंत कोण कोण रेल्वेत बसलं नाही, तर आठ हात वर झाले. मोठ्यांना नवल वाटलं, मला नाही वाटलं. आपलं यवतमाळ जिल्ह्याचं ठिकाण, पण मोठी गाडी पकडायची तर धामणगाव, वर्धा नाहीतर बडनेरा गाठावं लागतं. आपल्या पोरांना एसटी माहीत आहे, ट्रॅव्हल्स माहीत आहे, रस्ता ओलांडताना डावी-उजवीकडे बघायचं माहीत आहे. फलाट माहीत नाही.

आणि आम्हा म्हाताऱ्यांची अडचण उलटी आहे. आम्हाला रेल्वे माहीत आहे, पण ती आपली शकुंतला.

माझं लहानपण दारव्ह्याचं. मूर्तिजापूर ते यवतमाळ ११३ किलोमीटर, अडीच फुटी रूळ. मधे कारंजा, दारव्हा मोतीबाग, लाडखेड. १५ एप्रिल १९९४ पर्यंत तिला वाफेचं इंजिन होतं, १९२१ साली मँचेस्टरला बनलेलं. एवढ्या अंतराला चार-पाच तास लागायचे. ती गाडी घरच्यासारखी होती. ओळखीचं कोणी धावत येताना दिसलं तर थांबायची. चढावर हळू झाली की पोट्टे खाली उतरून बाजूने चालायचे आणि पुन्हा चढायचे. आम्ही रुळाला कान लावून गाडी येते का ते ऐकायचो. रुळावर नवा पैसा ठेवायचो, तो चपटा झाला की शाळेत मिरवायचो. रुळावर तोल सांभाळत कोण किती लांब चालतो याच्या पैजा लागायच्या. घरचे रागवायचे ते चड्डी फाटली म्हणून, जिवाला धोका म्हणून कोणी रागवल्याचं मला आठवत नाही.

शकुंतला बंद पडली, पण तिने लावलेल्या सवयी आमच्या अंगात राहिल्या. गाडी म्हणजे लांबून दिसते, हळू येते आणि माणूस दिसला की थांबते, हे आमच्या पायांना पाठ झालेलं आहे. मोठ्या लाईनवर यातली एकही गोष्ट खरी नाही. मला आज एवढंच सांगायचं आहे. बाकी सगळं त्याचा विस्तार आहे.

आता ती गोष्ट. साल १९८७. मेव्हणीचं लग्न नागपूरला. मी छत्तीस वर्षांचा, नुकतीच बढती झालेली. मुलगी सहा वर्षांची, मुलगा तीन वर्षांचा. आम्ही आपल्या भागातल्याच मोठ्या लाईनच्या एका स्टेशनवर पोचलो. स्टेशनचं नाव सांगत नाही, कारण चूक स्टेशनची नव्हती, माझी होती. गाडी पलीकडच्या फलाटावर येणार होती. पूल होता, पण फलाटाच्या दुसऱ्या टोकाला. माझ्या एका हातात ट्रंक, खांद्यावर मुलगा. सौ. म्हणाल्या, "पुलावरून जाऊ." मी म्हटलं, "कशाला, सगळेच इथून जातात." आणि खरंच चार-पाच माणसं रूळ ओलांडून जात होती. सगळेच जातात, हे वाक्य लक्षात ठेवा. बँकेत बुडालेल्या कर्जांच्या फायली उघडल्या की पहिल्या पानावर हेच वाक्य सापडतं, सगळ्यांनाच असं दिलं होतं.

मधल्या लाईनवर मालगाडी उभी होती. तिच्या शेवटच्या डब्याला वळसा घालून आम्ही पुढच्या रुळांकडे निघालो. मी पुढे, मुलगी माझ्या मागे, तिच्या मागे सौ. मालगाडीच्या आडोशातून मी बाहेर पाऊल टाकणार, तेवढ्यात शर्टाला मागून जोराचा हिसका बसला. सौ.नी एका हाताने मुलीची वेणी आणि दुसऱ्या हाताने माझा शर्ट धरला होता. पुढच्या क्षणी डोळ्यांसमोरून एक्सप्रेस गेली. भोंगा वाजला असेल, मला ऐकू आला तो गाडी समोर आल्यावरच. वाऱ्याने ट्रंक हातात गरकन फिरली. मुलगा खांद्यावर रडायचाही विसरला. किती डबे गेले, मोजले नाहीत. ज्या माणसाने आयुष्यभर मोजण्याशिवाय काही केलं नाही, त्याने त्या दिवशी मोजले नाहीत.

गाडी गेल्यावर आम्ही मागे फिरलो आणि पुलावरून गेलो. आमची गाडी यायला अजून वीस मिनिटं होती. सौ. नागपूर येईपर्यंत माझ्याशी बोलल्या नाहीत. नागपूरला उतरल्यावर एवढंच म्हणाल्या, "तुमच्या बँकेत रोकड अशी नेता का?"

या एका प्रश्नावर मी पुढची अडतीस वर्षं विचार केला आहे. आज जे सांगतोय ते त्याचंच उत्तर समजा.

माझी चूक नेमकी कुठे झाली? मला वाटलं, मी बघून जाईन. पण रेल्वे अशी बघून कळत नाही. मोठ्या लाईनवर गाड्या ताशी ११० ते १३० किलोमीटरने धावतात. ११० धरा, तरी सेकंदाला तीस मीटर. मी काल पावलांनी मोजलं. आपल्या गेटपासून पाण्याच्या टाकीपर्यंत सुमारे नव्वद मीटर आहेत. मला चालायला दीड मिनिट लागलं. गाडीला तीन सेकंद लागतील. दोन लाईन गिट्टीवरून ओलांडायला धडधाकट माणसाला सात-आठ सेकंद, लेकरू किंवा म्हातारं माणूस सोबत असलं तर पंधरा सेकंद सहज. पंधरा सेकंदांत गाडी साडेचारशे मीटर येते. साडेचारशे मीटरवरची गाडी डोळ्यांना लांब वाटते. त्यातून ती सरळ आपल्याकडे येत असते, त्यामुळे ती जवळ येतेय हेच कळत नाही, जागच्या जागी उभी असल्यासारखी दिसते. आणि विजेच्या इंजिनाला शकुंतलेसारखा धूर नाही की छुकछुक नाही.

"ड्रायव्हर ब्रेक मारेल की!" मारतो तो. पण एवढ्या वेगातली गाडी ब्रेक लावल्यावर थांबायला एक किलोमीटरच्या आसपास जावं लागतं. स्टिअरिंग तर तिला नाहीच. ड्रायव्हरने तुम्हाला पाहिलं, याचा अर्थ तुम्ही वाचलात असा होत नाही. बिचाऱ्याला पुढचं सगळं डोळ्यांनी बघावं लागतं, एवढाच त्याचा अर्थ.

आणखी एक. ब्रॉडगेजचे रूळ एकमेकांपासून साडेपाच फुटांवर असतात, पण डबा त्याहून कितीतरी रुंद, सव्वातीन मीटरच्या जवळपास. म्हणजे दोन्ही बाजूंना डबा रुळाच्या बाहेर सुमारे अडीच फूट येतो. "मी रुळावर कुठे, बाजूला उभा होतो," असं म्हणणारा माणूस पुष्कळदा गाडीच्या वाटेतच उभा असतो. फलाटावरची पिवळी पट्टी म्हणूनच आखलेली असते. मुलांनो, पिवळ्या पट्टीच्या पलीकडे वाघ आहे असं समजा. वाकून गाडी आली का बघायचं नाही. गाडी आपल्याला न विचारता येते.

उभ्या मालगाडीखालून वाकून जाणं तर त्याहून वाईट. मालगाडी अर्धा-पाऊण किलोमीटर लांब असते. तुम्ही जिथे वाकता तिथून इंजिन दिसतसुद्धा नाही आणि ड्रायव्हरला तुम्ही दिसत नाही. तिकडे सिग्नल मिळाला की इकडे चाक फिरतं. आणि तिच्यावर चढून फोटो काढायचं तर मनातही आणू नका. वरच्या तारेत २५,००० व्होल्ट असतात. आपल्या घरात २३०. तारेला हातच लागायला पाहिजे असं नाही, जवळ गेलं तरी वीज उडी मारून येते. तरुण मुलांनी हे विशेष ऐकावं.

आता प्रवासाचं सांगतो. सगळ्यात आधी मुलं. सहलीत मुलं हरवतात किंवा अडचणीत येतात ती कोणाचं लक्ष नव्हतं म्हणून नव्हे. प्रत्येकाला वाटतं की दुसऱ्याचं लक्ष आहे. आई म्हणते बाबांजवळ आहे, बाबा म्हणतात आजीजवळ आहे, आजी म्हणते आत्ता तर इथेच होता. बँकेत रोकड एका माणसाकडून दुसऱ्याकडे जाते तेव्हा घेणारा मोजतो आणि सही करतो. सही होईपर्यंत जबाबदारी देणाऱ्याची. आपण तेच करू. प्रत्येक मुलामागे एका मोठ्या माणसाचं नाव मी वहीत लिहून आणलं आहे. चहा घ्यायला, बाटली भरायला, कुठेही जायचं असलं की मूल दुसऱ्याकडे द्यायचं आणि तोंडाने म्हणायचं, "ताबा दिला." दुसऱ्याने मुलाचा हात धरून म्हणायचं, "ताबा घेतला." हसू येतंय ना? येऊ द्या. हसत हसत केलं तरी चालेल, पण करा. आणि मुलांनो, तुमच्या मोठ्या माणसाने तसं म्हटलं नाही तर तुम्ही त्याला आठवण द्यायची. तो अधिकार तुम्हाला दिला.

प्रत्येक मुलाच्या खिशात चिठ्ठी असेल, तिच्यावर दोन मोबाईल नंबर. मूल हरवलं तर त्याने काय करायचं? धावायचं नाही. जिथे आहे तिथेच थांबायचं आणि गणवेशातल्या माणसाला चिठ्ठी दाखवायची. मोठ्यांनी १३९ हा रेल्वेचा नंबर आजच मोबाईलमध्ये घालून ठेवा. मुलांसाठी १०९८ आहे.

दुसरं, गाडीत चढणं. लहान स्टेशनवर गाडी एक-दोन मिनिटं थांबते. ६२ माणसं एका दारातून चढायला लागली तर अर्धी खाली राहतील, आणि मग चालत्या गाडीमागे धावणं आलं. म्हणून आपले सहा गट केले आहेत. प्रत्येक गटाचं दार वेगळं. आधी एक तरुण माणूस वर चढेल आणि हात देईल. मग मुलं, मग वडीलधारी मंडळी, मग सामान, आणि सगळ्यात शेवटी गटप्रमुख. आपलं आरक्षण कोणत्या डब्यात आहे ही चिंता चढताना करायची नाही, डबे आतून जोडलेले असतात, वर चढल्यावर सावकाश जाता येतं. एका माणसाला एकच पिशवी, आणि ती खांद्याला. दोन्ही हातांत पिशव्या असल्या की दांडा कशाने धरणार? काकूंनो, डबे न्या, पण स्टीलचा मोठा डबा घरी ठेवा.

गाडी हलली की चढायचं नाही. उतरायचंही नाही. कोणीही, कोणत्याही कारणाने. तरुणांना वाटतं दोन पावलं धावलं की झालं. पाय निसटला तर माणूस बाहेर पडत नाही, गाडी आणि फलाट यांच्या फटीत जातो. मग प्रश्न येतो, कोणी खाली राहिलं तर? मोठा माणूस राहिला तर त्याने स्टेशन मास्तरांकडे जाऊन बसायचं, फोन करायचा आणि पुढच्या गाडीने यायचं. शेगावचे महाराज दोन तास उशीर झाला म्हणून रागावत नाहीत. लहान मूल किंवा आधाराशिवाय चालू न शकणारं म्हातारं माणूस राहिलं तर मात्र साखळी ओढायला ते रास्त कारण आहे. चहाचा थर्मास राहिला हे नाही. विनाकारण साखळी ओढली तर एक वर्षापर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड आहे. रूळ ओलांडले तरी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा हजारापर्यंत दंड होऊ शकतो. पण दंडाच्या भीतीने थांबू नका. दंड भरायला माणूस शिल्लक असावा लागतो.

तिसरं, डब्यात. दारात उभं राहायचं नाही आणि पायदानावर बसायचं नाही. वारा छान लागतो हे मला माहीत आहे, मीही बसलो आहे. पण दार आपोआप आदळतं, खांब आणि सिग्नल जवळून जातात, आणि वळणावर मागची गर्दी पुढे येते. हात धुवायचं बेसिन दाराजवळच असतं, म्हणून मूल हात धुवायला एकटं जाणार नाही. जाताना ताबा. डब्यांच्या जोडावर उभं राहून खेळायचं नाही.

चौथं फार महत्त्वाचं आहे आणि ते आपल्यापासून फार लांबचं नाही. ज्या लाईनने आपण शेगावला जातोय तीच लाईन पुढे भुसावळ, जळगाव करत मुंबईला जाते. त्या लाईनवर जळगाव जिल्ह्यात पाचोऱ्याजवळ परधाडे म्हणून स्टेशन आहे. २२ जानेवारी २०२५ रोजी तिथे लखनौहून मुंबईला जाणारी पुष्पक एक्सप्रेस उभी राहिली. डब्यात आग लागल्याची अफवा पसरली होती आणि साखळी ओढली गेली होती. घाबरलेली माणसं उतरली, आणि उतरून शेजारच्या रुळांवर उभी राहिली. त्या रुळांवरून कर्नाटक एक्सप्रेस आली. किमान बारा माणसं गेली. डब्यात जी आग नव्हती तिच्यापासून पळताना गेली. जी आत बसून राहिली ती वाचली.

मी ही बातमी वाचली तेव्हा मला १९८७ ची मालगाडी आठवली. तेच गणित. एक गाडी उभी आहे, तिच्याकडे सगळ्यांचं लक्ष आहे, आणि शेजारची लाईन कोणाच्या ध्यानात नाही.

म्हणून लक्षात ठेवा. गाडी मधेच थांबली तर बसून राहायचं. पाय मोकळे करायला, फोटो काढायला, बघायला, कशालाही उतरायचं नाही. "आग, आग" असं कोणी ओरडलं तर आपल्या डब्यात धूर आहे का ते आधी बघायचं. खरंच धूर असला तर पहिल्यांदा पुढच्या नाहीतर मागच्या डब्यात सरकायचं, मुलांना पुढे घालून. गाडीतल्या कर्मचाऱ्याला सांगायचं आणि साखळी ओढायची. खरोखर उतरण्यावाचून गत्यंतर नसेल, तर ज्या बाजूला दुसरे रूळ नाहीत त्या बाजूने उतरायचं आणि गाडीपासून लांब, शेताच्या बाजूला जाऊन थांबायचं. दोन रुळांच्या मधली जागा म्हणजे अंगण नव्हे. आणि अफवा आपल्याकडून पुढे जाऊ द्यायची नाही. बँकेविषयी अफवा उठली की लोक कसे धावतात ते मी पाहिलं आहे. धावणारा कोणी विचारत नाही की बातमी कोणी दिली. आपल्या सहलीत गटप्रमुख सांगेल तीच बातमी खरी.

पाचवं, परत येताना. सकाळी निघताना सगळे सावध असतात. मुलांचे भांग पाडलेले असतात, मोठ्यांचा उत्साह असतो. संध्याकाळी मुलं झोपाळलेली, पाय दुखलेले, हातात प्रसादाच्या पिशव्या, आणि घरी जायची घाई. पूल चढायचा कंटाळा येतो तो तेव्हाच. म्हणून माझी विनंती आहे, जातानापेक्षा येताना दुप्पट वेळ हाताशी ठेवा. बँकेत चुका सकाळी होत नाहीत, साडेपाचनंतर होतात.

आता तुम्ही म्हणाल, एका सहलीसाठी काकांनी एवढं पुराण का लावलं? तर एका सहलीसाठी नाही. २८ फेब्रुवारी २०२४ ला वर्धा ते कळंब हा ३९ किलोमीटरचा टप्पा सुरू झाला. चिंतामणीच्या कळंबला मोठी गाडी आली. वर्धा-यवतमाळ-नांदेड या २८४ किलोमीटरच्या लाईनचा तो पहिला तुकडा. पुढचं कामही चालू आहे. म्हणजे आज नाही उद्या, गाडी आपल्या गावात येणार. आपण किती वर्षं तिची वाट पाहिली आहे! वणीकडच्या लोकांना हे सांगायला नको. माजरी-आदिलाबाद लाईनवर ते कोळशाच्या मालगाड्या रोज बघतात आणि फाटकापाशी मोटरसायकल वाकवून नेणारे वीरही रोज बघतात. आपल्याकडे मात्र सगळं नवं असणार. संध्याकाळी फिरायला सपाट जागा म्हणून माणसं रुळांवर जातील, शेतात जायला जवळची वाट म्हणून जातील, पोरं कानात हेडफोन घालून सेल्फी काढायला जातील. शकुंतलेच्या सवयी घेऊन जातील. गाडी मात्र शकुंतला नसेल. आपल्या सोसायटीतली ही १९ मुलं पुढच्या रविवारी नीट शिकून आली तर उद्या ती आपल्या वर्गातल्या पोरांना सांगतील. या सहलीतून एवढं झालं तरी पुष्कळ झालं.

(इथे मागच्या रांगेतून एक आजी म्हणाल्या, "भाऊ, तुम्ही एवढं भेव दाखवून रायले, मग पोट्टे गाडीत बसतीन काहून?")

आजी, बरोबर विचारलंत. गाडीत बसायला भ्यायचं नाही. गाडीच्या आत बसलेला माणूस रस्त्यावरच्या माणसापेक्षा निर्धास्त असतो. खिडकीतून शेतं बघा, भजी खा, गाणी म्हणा, पत्ते खेळा. भ्यायचं ते रुळांना. आणि आजी, तुम्ही पूल हळूहळू चढा. तुमच्यासोबत मी आहे. मीही काही जोरात चढत नाही.

जय गजानन!

सहलीनंतरची भर

सहल ठरल्याप्रमाणे झाली. दर्शन छान झालं. मुलांनी "ताबा दिला, ताबा घेतला" याचा खेळच करून टाकला, आणि आता सोसायटीत कुत्र्याचं पिल्लूसुद्धा ताबा दिल्याशिवाय एका घरातून दुसऱ्या घरात जात नाही.

एक गोष्ट लिहिणं भाग आहे. परतीच्या वेळी आम्ही काही मंडळी चुकीच्या फलाटावर बसलो होतो. चूक माझीच, मी घोषणा नीट ऐकली नाही. कळलं तेव्हा गाडी पलीकडे येत असल्याचा पुकारा चालू होता. बाकीचे गट पुलावरून झपाट्याने गेले. मागे राहिलो आम्ही चौघं. त्या दिवशी प्रश्न विचारणाऱ्या आजी, त्यांचा नऊ वर्षांचा नातू, सौ. आणि मी. समोर दोनच लाईन होत्या. गाडी लांबवर दिसत होती, दिव्यासकट. खरं सांगतो, माझी नजर त्या रुळांकडे गेली. चौऱ्याहत्तर वर्षांचा झालो, भाषण करून आठवडा झाला, तरी गेली. सवय अशी असते.

आजींनी माझ्याकडे पाहिलं, नातवाचा हात घट्ट धरला आणि म्हणाल्या, "भाऊ, ताबा माझ्याकडे हाये. मी पुलावरूनच येतो." आणि त्या एक-एक पायरी चढू लागल्या. आम्ही पुलाच्या मध्यावर असताना गाडी सुटली. खालून आमचे गटप्रमुख दारातून हात हलवत होते. फोन आला, "काका, आम्ही ५८ आहोत." मी म्हटलं, "इकडे चार. हिशेब जुळला."

पुढच्या गाडीने आम्ही आलो. घरी पोचायला मध्यरात्र उलटली. गेटवर सचिव साहेब चहाचा थर्मास घेऊन उभे होते. नातू आजीच्या मांडीवर झोपला होता. सौ. चहा घेताना मला म्हणाल्या, "अडतीस वर्षांनी का होईना, रोकड नीट आणली."